एकच तार, चार पत्रं: नाझींबद्दलच्या ब्रिटिश स्थानिक बातम्या कशा वाचाव्यात

जुन्या वर्तमानपत्राचा राजकीय कल शोधायचा म्हटलं की बहुतेक जण आधी अग्रलेख उघडतात. मी तो सगळ्यात शेवटी उघडते. अग्रलेखात संपादक सावध असतो. मालक वाचणार, पक्षाचा स्थानिक पुढारी वाचणार, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. रात्री अकराला बर्लिनची तार हातात घेऊन कात्री चालवणाऱ्या उपसंपादकाला असली चिंता करायला वेळ नसतो, त्याला पान सोडायचं असतं. म्हणून पत्राचा खरा स्वभाव तिथे सापडतो. माझी सगळी नोकरी एका दैनिकाच्या रात्रपाळीत, परदेशी बातम्यांच्या पानावर गेली. त्यामुळे १९३३ सालचा ब्रिटिश अंक समोर आला तरी माझी नजर आपोआप बातमी कुठे कापली आहे तिकडे जाते. तीच नजर तुम्हाला कशी कमावता येईल, ते इथे सांगते. दोन महायुद्धांच्या मधल्या काळावर प्रबंध लिहिणाऱ्यांना याचा उपयोग होईल, आणि निव्वळ कुतूहलापोटी वाचणाऱ्यांनाही.

आधी पत्राची कुंडली मांडा

कुठलंही पत्र उघडण्याआधी त्याच्याबद्दल एक कागद तयार करा: मालक कोण, संपादक कोण, कुठल्या पक्षाचं, सकाळचं की संध्याकाळचं, की आठवड्याचं. पक्ष शोधायला सर्वात सोपं साधन म्हणजे मिचेल्स न्यूजपेपर प्रेस डिरेक्टरी. ही १८४६ पासून जाहिरातदारांसाठी निघत असे आणि जवळपास प्रत्येक पत्रापुढे त्याचा पक्ष दिलेला असे: कॉन्झर्व्हेटिव्ह, लिबरल, इंडिपेंडंट वगैरे. आपल्या मराठीतले हुजूर पक्ष (कॉन्झर्व्हेटिव्ह) आणि मजूर पक्ष (लेबर) हे शब्द मी पुढे तसेच वापरते, सवयीचे आहेत.

या डिरेक्टरीतल्या 'इंडिपेंडंट'वर मात्र लगेच विश्वास टाकू नका. ही माहिती जाहिरातदारासाठी आहे, आणि साबण विकणाऱ्याला दोन्ही पक्षांचे वाचक हवे असतात. अशा पत्राची परीक्षा निवडणुकीत होते. २७ ऑक्टोबर १९३१ आणि १४ नोव्हेंबर १९३५ या ब्रिटनच्या दोन सार्वत्रिक निवडणुका. मतदानाच्या आदल्या दोन दिवसांचे अंक काढा आणि कुठल्या उमेदवाराच्या सभेला किती जागा आहे ते बघा. एकाचं भाषण सविस्तर आणि दुसऱ्याच्या सभेत 'गोंधळ झाला' एवढंच असेल, तर स्वतंत्र बाण्याचा प्रश्न तिथेच निकालात निघाला.

मालकी बघणं जास्त कटकटीचं, पण टाळू नका. १९२०च्या दशकाच्या शेवटी ब्रिटनमधली गावोगावची पत्रं भराभर मोठ्या साखळ्यांच्या हातात गेली. वेल्समधल्या मर्थर टिडफिलचे बेरी बंधू हे त्यातलं मोठं नाव. १९३७ मध्ये त्यांच्यात वाटणी झाली. लॉर्ड कॅमरोझ यांच्याकडे 'डेली टेलिग्राफ' गेला आणि लॉर्ड केम्सली यांच्याकडे प्रांतिक पत्रांचा मोठा ताफा. केम्सली पंतप्रधान चेंबरलेनचे खंदे समर्थक. जुलै १९३९ मध्ये, म्हणजे युद्ध तोंडावर आलेलं असताना, ते जर्मनीत जाऊन हिटलरला भेटून आले होते. तुमच्या हातातलं पत्र वरकरणी अगदी गावचं असेल, मथळ्यावर शंभर वर्षांचं जुनं नाव असेल, पण साल १९३८ असेल तर ते केम्सलींचं आहे का, एवढं आधी पाहून घ्या.

दुसरं नाव लॉर्ड रॉदरमीअर. १९२८ मध्ये त्यांनी नॉर्दक्लिफ न्यूजपेपर्स ही कंपनी काढून प्रांतांत संध्याकाळची पत्रं सुरू केली आणि विकतही घेतली. ब्रिस्टलमधल्या लोकांना बाहेरच्या मालकाची ही दादागिरी एवढी झोंबली की शहरातल्या लोकांनीच पैसे घालून एप्रिल १९३२ मध्ये 'ब्रिस्टल इव्हनिंग पोस्ट' सुरू केला. आता हेच रॉदरमीअर पाहा. १४ सप्टेंबर १९३०च्या निवडणुकीत नाझींच्या जागा १२ वरून १०७ वर गेल्या आणि दहाच दिवसांत 'डेली मेल'मध्ये त्यांचा नाझींचं कौतुक करणारा लेख आला. जानेवारी १९३४ मध्ये त्यांनी ब्रिटिश फॅसिस्टांचा पुढारी ऑस्वाल्ड मोझलेच्या काळ्या शर्टवाल्यांचा जयजयकार केला, आणि त्याच वर्षी जूनमध्ये लंडनमधल्या ऑलिंपियाच्या सभेत झालेल्या मारहाणीनंतर हात काढून घेतला. मालकाची अशी कोलांटउडी स्थानिक पत्रात किती दिवसांनी उतरते, उतरते की नाही, हे तपासायला जानेवारी ते ऑगस्ट १९३४ हा फार चांगला काळ आहे.

शिक्का बघून निकाल देऊ नका

एवढी कुंडली मांडल्यावर मोह होतो: हुजूर पक्षाचं पत्र, म्हणजे हिटलरच्या बाबतीत मऊ. इथे लीड्सचा 'यॉर्कशायर पोस्ट' आडवा येतो. या पत्राची कंपनीच मुळी यॉर्कशायर कॉन्झर्व्हेटिव्ह न्यूजपेपर कंपनी नावाची. संपादक आर्थर मान १९१९ पासून १९३९ पर्यंत खुर्चीवर. आणि चेंबरलेनच्या अनुनयाच्या, म्हणजे हिटलरच्या मागण्या मान्य करून युद्ध टाळायच्या, धोरणावर प्रांतिक पत्रांतून जी धारदार टीका झाली, तिच्यात हे पत्र अगदी पुढे. मालकमंडळी आणि पक्षाचे लोक नाराज होते, तरी मान हटले नाहीत. १९३९ मध्ये 'लीड्स मर्क्युरी'चं या पत्रात विलीनीकरण झालं आणि मान बाहेर पडले.

यामागे एक धागा घरगुती आहे, आणि कागदावर टिपून ठेवावा असा. फेब्रुवारी १९३८ मध्ये चेंबरलेनशी मतभेद होऊन परराष्ट्रमंत्रिपद सोडणारे अँथनी ईडन हे बेकेट घराण्याचे जावई, आणि बेकेट घराणं म्हणजे 'यॉर्कशायर पोस्ट'च्या अध्यक्षपदावरचं घराणं. ईडन स्वतः १९२०च्या दशकात या पत्रासाठी लिहीतही असत. मानची भूमिका त्यामुळेच ठरली असं मी म्हणणार नाही, माणूस मुळातच ताठ होता. पण हुजूर पक्षाच्या आतही दोन तट होते आणि पत्र कुठल्या तटाशी बसलं होतं, हे नुसत्या 'कॉन्झर्व्हेटिव्ह' या शिक्क्यावरून कळत नाही.

तसाच कार्डिफचा 'वेस्टर्न मेल'. खाणमालकांचं पत्र म्हणूनच त्याची ओळख. पण फेब्रुवारी १९३३ मध्ये गॅरेथ जोन्स हा वेल्श तरुण पत्रकार हिटलरच्या विमानातून फ्रँकफर्टच्या सभेला गेला आणि त्याचं वर्णन याच पत्रात छापून आलं. हे विमान कोसळलं तर युरोपचा सगळा इतिहास बदलेल, असं त्याने त्यात लिहिलं होतं. हिटलर चॅन्सेलर होऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता. एखादा चांगला बातमीदार मालकाच्या रंगाला न जुमानता पान गाजवून जातो. म्हणून बातमीवर सही असेल तर ती बातमी वेगळी काढून ठेवा, पत्राच्या हिशोबात मिसळू नका.

विषय धरू नका, तारीख धरा

'नाझीवाद' असा शोध घातलात तर हजारो नोंदी येतील आणि तुम्ही बुडाल. एक दिवस धरा. चार पत्रं घ्या: एक हुजूर, एक लिबरल, एक साखळीतलं, एक लहान साप्ताहिक. चौघांत तीच बातमी शोधा.

कुठला दिवस? इथे वार फार महत्त्वाचा. हिटलरची मोठी पावलं वारंवार शनिवारी पडलेली दिसतात. १ एप्रिल १९३३चा ज्यू दुकानांवरचा बहिष्कार, १४ ऑक्टोबर १९३३ला राष्ट्रसंघातून बाहेर पडणं, ३० जून १९३४ला हिटलरने स्वतःच्याच पक्षातल्या आणि इतर विरोधकांची केलेली कत्तल, १६ मार्च १९३५ची सक्तीच्या लष्करभरतीची घोषणा, ७ मार्च १९३६ला तहाने सैन्यमुक्त ठरवलेल्या ऱ्हाइनलँडमध्ये सैन्य घुसवणं: सगळे शनिवार. प्रांतांतली सकाळची पत्रं रविवारी निघत नसत. म्हणजे ताजी बातमी शनिवारी संध्याकाळच्या पत्रात, आणि सकाळच्या पत्रात थेट सोमवारी. सोमवारपर्यंत लंडनच्या मंत्रालयाचा सूर कळलेला असतो, रविवारची लंडनची पत्रं वाचून झालेली असतात. त्यामुळे सोमवारचं प्रांतिक पत्र जास्त विचार करून लिहिलेलं, आणि म्हणूनच जास्त राजकीय.

शनिवारचं संध्याकाळचं पत्र म्हणजे वेगळंच जग. फुटबॉलचे निकाल आले की बाकी सगळं मागे. १ एप्रिल १९३३ला तर ऑक्सफर्ड-केंब्रिजची बोटींची शर्यतही होती. बर्लिनमध्ये दुकानांच्या दारात तपकिरी शर्टवाले उभे राहिले ती बातमी त्या संध्याकाळी दोन इंच आली, तर लगेच 'संपादक नाझींचा मित्र' असा शेरा मारू नका. थेम्स नदीवर वल्ही चालली होती आणि पानाला मर्यादा होती. तसंच ९ आणि १० नोव्हेंबर १९३८च्या रात्री जर्मनीत ज्यूंवर झालेल्या हिंसाचाराचं. त्याच्या मागोमाग ११ नोव्हेंबर, पहिल्या महायुद्धाच्या हुतात्म्यांचा दिवस. गावागावातल्या स्मारकांच्या बातम्यांनी पानं भरलेली होती.

तार कशी कापली ते बघा

आता मुद्द्याचं. लहान पत्राचा बर्लिनमध्ये बातमीदार नव्हता. त्याला परदेशी बातमी मिळे ती रॉयटरची, प्रेस असोसिएशनच्या तारेवरून. प्रेस असोसिएशन ही प्रांतिक पत्रांनीच १८६८ मध्ये काढलेली संस्था, आणि १९२०च्या दशकाच्या मध्यावर तिनेच रॉयटरची बहुसंख्य मालकी घेतली. शिवाय एक्स्चेंज टेलिग्राफ, ब्रिटिश युनायटेड प्रेस अशा आणखी सेवा होत्या. म्हणजे लीड्स, प्लिमथ आणि ॲबर्डीनच्या डेस्कवर एकाच रात्री बऱ्याचदा अक्षरशः तेच शब्द येऊन पडत. मूळ मजकूर सारखा असल्याने जो फरक पडतो, तो डेस्कवर पडतो. संशोधकाला यापेक्षा चांगली सोय काय हवी?

सरावासाठी मी एक तार रचते. घटना खऱ्या आहेत, रचना माझी. १ एप्रिल १९३३, बर्लिन:

पहिला परिच्छेद: सकाळी दहा वाजता देशभर ज्यू दुकानांवर बहिष्कार सुरू झाला, दारांवर नाझी स्वयंसेवक उभे आहेत. दुसरा: परदेशी पत्रांतल्या अत्याचारांच्या खोट्या बातम्यांना हे उत्तर आहे, असं सरकारतर्फे सांगण्यात आलं. तिसरा: खिडक्यांवर रंगाने घोषणा लिहिल्या आहेत, ज्यू वकील आणि डॉक्टरांनाही लक्ष्य केलं जात आहे. चौथा: कीलमध्ये एका ज्यू वकिलाला पोलीस कोठडीत ठार करण्यात आलं.

पत्र क्रमांक एक पहिले दोन परिच्छेद ठेवतं आणि मथळा देतं: 'जर्मनीत बहिष्कार शांततेत'. पत्र दोन चौथा परिच्छेद उचलून डोक्यावर आणतं: 'पोलीस कोठडीत वकिलाचा खून'. ब्रॅडफर्डसारख्या लोकरीच्या गावातलं पत्र तीच बातमी व्यापाराच्या पानावर नेतं, कारण तिथल्या पेढ्यांचे जर्मनीशी जुने संबंध आहेत. गावातल्या गोदामांच्या एका भागाला 'लिटल जर्मनी' असंच नाव आहे, जर्मनीतून आलेल्या व्यापाऱ्यांवरून, आणि त्यांच्यात ज्यूही होते. चौथं पत्र काहीच छापत नाही.

आता निकाल कसा काढायचा? डेस्कवरचा एक साधा नियम लक्षात घ्या: तार वरून खाली कमी महत्त्वाची होत जाते, म्हणून घाई असेल तर शेपूट कापतात. पत्र एकने तिसरा आणि चौथा परिच्छेद गाळला, याला जागेची अडचण हे कारण असू शकतं. पण पहिला आणि चौथा ठेवून मधला दुसरा उडवला, किंवा दुसरा ठेवून तिसरा उडवून चौथा अर्ध्या ओळीत बसवला, तर तिथे कोणीतरी थांबून विचार केलाय. शेपूट कापली तर जागा नव्हती. पोट कापलं तर मत होतं. रात्रपाळी केलेल्या कुणालाही विचारा.

याच्या जोडीला दावा कोणाचा आहे ते बघा. 'असं सरकारतर्फे सांगण्यात आलं' हे चार शब्द ठेवले की उडवले? २७ फेब्रुवारी १९३३च्या रात्री राइशस्टागची, म्हणजे जर्मन संसदेची, इमारत जळाली आणि सरकारने लगोलग कम्युनिस्टांवर ठपका ठेवला. त्या आठवड्यातले चार अंक समोर ठेवा आणि नुसते मथळे उतरवून काढा. कोणी 'सरकारचा आरोप' लिहिलंय, कोणी थेट 'कम्युनिस्टांनी पेटवली'. 'म्हणे' गळून पडलं की आरोपाची घटना होते. आणि हे बहुतेक वेळा मथळ्यात होतं, मजकुरात नाही. मथळ्याची करामत किती महाग पडते त्याचं उदाहरण लंडनच्या 'डेली एक्स्प्रेस'चं आहे. २४ मार्च १९३३ला जर्मन मालावर बहिष्कार घालण्याच्या हालचालींची बातमी त्याने 'ज्यूंनी जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं' अशा थाटाच्या मथळ्याखाली दिली. नाझी प्रचारकांनी तो मथळा पुढे कितीतरी वर्षं मिरवला.

तारेचं मूळ कुठलं, तेही टिपा. 'रॉयटर' लिहिलंय म्हणजे रॉयटरच्या माणसाने डोळ्यांनी पाहिलं असं नाही. रॉयटरची जर्मनीतल्या वोल्फ या वृत्तसंस्थेशी बातम्यांची जुनी देवाणघेवाण होती. १९३३च्या शेवटी वोल्फ आणि वृत्तपत्रसम्राट हुगेनबर्गची टेलिग्राफेन-युनियन एकत्र करून डीएनबी ही सरकारी मुठीतली संस्था झाली. शिवाय ४ ऑक्टोबर १९३३ला जर्मनीत संपादकांविषयीचा कायदा झाला, त्यानंतर संपादक हा जवळपास सरकारी नोकरच. म्हणून १९३४ नंतरच्या ब्रिटिश पत्रात 'जर्मन वृत्तपत्रांची प्रतिक्रिया' असा चौकट टाकलेला मजकूर दिसला, तर ते दहा पत्रांचं मत नाही, एका मंत्रालयाचं आहे. कुठलं ब्रिटिश पत्र हे वाचकाला सांगतं आणि कुठलं जर्मन जनतेचा आवाज म्हणून खपवतं, हा कल ओळखायचा माझा आवडता मुद्दा.

'आमच्या बातमीदाराकडून' असेल तर गोष्ट निराळी. 'मँचेस्टर गार्डियन' हे तांत्रिकदृष्ट्या प्रांतिकच पत्र, पण त्याचा फ्रेडरिक व्हॉइट १९२०च्या दशकापासून बर्लिनमध्ये होता. त्याने आणि संपादक क्रोझियरने नाझी दहशतीच्या बातम्या एवढ्या नेटाने छापल्या की १९३३ मध्ये जर्मनीत पत्रावर बंदी आली. तिथे राहून लिहिणं धोक्याचंच होतं. 'डेली टेलिग्राफ'च्या नोएल पँटरला ऑक्टोबर १९३३ मध्ये म्युनिकला अटक झाली आणि मग देशाबाहेर काढलं, 'टाइम्स'च्या नॉर्मन एबटला ऑगस्ट १९३७ मध्ये घालवलं. 'गार्डियन'ची तुलना एखाद्या साप्ताहिकाशी करून 'लिबरल पत्रांनी जास्त छापलं' म्हणाल, तर तुम्ही राजकारण नाही, पैसा मोजताय. बातमीदार ठेवणाऱ्याला बातमी जास्त मिळणारच.

बातमीचं महत्त्व मोजताना पहिलं पान हेही माप धरू नका. त्या काळात बऱ्याच ब्रिटिश पत्रांच्या पहिल्या पानावर नुसत्या छोट्या जाहिराती असत. 'मँचेस्टर गार्डियन'ने १९५२ मध्ये आणि 'टाइम्स'ने तर १९६६ मध्ये पहिल्या पानावर बातमी आणली. मुख्य बातम्यांचं पान आत असतं, अग्रलेखाच्या समोर किंवा आसपास. त्या विशिष्ट पत्राचे आठवडाभराचे अंक चाळून ते पान कुठलं हे आधी ठरवा. आणि डिजिटल संग्रहात दिवसाची बहुधा एकच आवृत्ती असते. आधीच्या आवृत्तीत नसलेली बातमी रात्रीच्या शेवटच्या आवृत्तीत आलेली असू शकते, हे मनात असू द्या.

प्रत्येक रंगाची आपली आंधळी बाजू

लिबरल पत्रांना नाझी आवडत नव्हते, हे खरंच. पण पहिल्या महायुद्धानंतरचा व्हर्सायचा तह जर्मनीवर अन्याय आहे हे त्यांनी पंधरा वर्षं सांगितलं होतं. अर्थतज्ज्ञ केन्सच्या देखरेखीखाली युरोपच्या पुनर्रचनेवर १९२२ मध्ये निघालेल्या पुरवण्या 'मँचेस्टर गार्डियन'च्याच व्यापारी आवृत्तीच्या. मग मार्च १९३६ मध्ये जर्मन सैन्य ऱ्हाइनलँडमध्ये शिरलं, तेव्हा अशा पत्रांची पंचाईत झाली. पद्धत निषेधार्ह, पण मागणी मात्र आपणच रास्त म्हटलेली. ९ मार्चच्या सोमवारचे लिबरल अग्रलेख वाचताना ही ओढाताण शोधा. हुजूर पत्रांत दुसरं ओझं दिसेल, बोल्शेविकांची भीती. ३० जून १९३४च्या कत्तलीच्या बातम्यांमध्ये 'सुव्यवस्था' हा सूर कुठे लागतो ते पाहिलं की ते ओझं लगेच जाणवतं.

मजूर पक्षाच्या बाजूच्या पत्रांसाठी सर्वात मोठी तारीख २ मे १९३३, कामगार संघटनांच्या कचेऱ्या नाझींनी ताब्यात घेतल्या तो दिवस. कॅथलिक पत्रांसाठी २० जुलै १९३३, व्हॅटिकनशी झालेला करार. थोडक्यात, प्रत्येक जण आपल्या माणसांना काय झालं ते आधी बघत होता. ज्यूंना कोणी आधी पाहिलं, हा प्रश्न ठेवून वाचलंत की बरंच काही हाती लागेल.

गावच्या पानांत शिरा

परदेशी पानावर थांबू नका, कारण स्थानिक पत्राचं हृदय स्थानिक पानात. २७ सप्टेंबर १९३६ला लीड्सच्या होलबेक मूरवर मोझलेची सभा झाली, हजारो विरोधक जमले, दगड पडले, मोझलेलाही लागला. लंडनच्या केबल स्ट्रीटची प्रसिद्ध चकमक त्यानंतर आठवड्याने, ४ ऑक्टोबरला. होलबेकची बातमी लीड्सच्या पत्रात, मँचेस्टरच्या पत्रात आणि लंडनच्या पत्रात वाचा. वाक्याचा कर्ता कोण आहे ते तपासा: 'लाल गुंडांनी दगड मारले', 'जमाव खवळला', की 'काळे शर्टवाले ज्यू वस्ती असलेल्या शहरात संचलन करत आले'. नाझींबद्दल सावधपणे लिहिणारं पत्र आपल्याच शहरातल्या फॅसिस्टांबद्दल अचानक मोकळं होतं. कधी उलटही होतं.

खेळाचं पान विसरू नका. १४ मे १९३८ला बर्लिनमध्ये इंग्लंडच्या फुटबॉल संघाने सामन्याआधी नाझी सलाम केला आणि सामना ६-३ असा जिंकला. दुसऱ्याच दिवशी त्याच शहरात ॲस्टन व्हिला खेळला. बर्मिंगहॅमचा संघ, चेंबरलेनचं गाव. तिथल्या पत्रांत त्या सोमवारी खेळाचा बातमीदार काय लिहितो आणि पत्रव्यवहारात आठवडाभर कोण काय लिहितं, हे एखाद्या अग्रलेखापेक्षा बोलकं असतं. माजी सैनिकांच्या ब्रिटिश लीजनचं शिष्टमंडळ जुलै १९३५ मध्ये जर्मनीला जाऊन हिटलरला भेटलं. अशा दौऱ्यांतून परतलेल्या स्थानिक मंडळींच्या मुलाखतीही तपासा. गावातला प्रतिष्ठित माणूस 'रस्ते किती स्वच्छ' म्हणून सांगतो आणि पत्र ते एका प्रश्नाशिवाय छापतं. त्याच्याशेजारी जर्मन रेल्वेची पर्यटनाची जाहिरात असली तर तीही नोंदवा, मात्र जाहिरातीमुळेच मजकूर आला असं ठोकून देऊ नका.

पत्रव्यवहारात टोपणनावं फार: 'माजी सैनिक', 'करदाता', 'न्यायप्रिय'. कोण लिहितंय ते शोधण्यात वेळ घालवू नका. संपादकाने कुठलं पत्र वर ठेवलं आणि कुठल्या पत्रानंतर 'हा पत्रव्यवहार आता बंद' असं छापलं, ते पाहा. वाद बंद करायची वेळ संपादक निवडतो.

नोव्हेंबर १९३८ नंतर मात्र माझी वरची युक्ती तोकडी पडते. त्या रात्रीच्या हिंसाचाराचा निषेध जवळपास सगळ्यांनीच केला, मथळे एकसारखे झाले. तिथून पुढे कल निर्वासितांच्या प्रश्नात शोधावा लागतो. २ डिसेंबर १९३८ला निर्वासित, बहुतेक ज्यू, मुलांचा पहिला जथा हार्विच बंदरात उतरला, पुढे युद्ध सुरू होईपर्यंत जवळपास दहा हजार मुलं आली. मुलांचे फोटो सर्वांनी छापले. मोठ्या माणसांना, त्यातही डॉक्टर आणि दंतवैद्यांना, येऊ द्यावं का यावर पत्रं पुन्हा वेगळी झाली. बर्लिनबद्दल हळहळणारं पत्र आपल्या गावातल्या नोकऱ्यांचा हिशोब मांडू लागलं की वाचायला घ्या.

शोध कसा घालायचा

ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्ह हा संग्रह २०११ पासून आहे, वर्गणी लागते. यंत्राने वाचलेल्या मजकुरात चुका भरपूर, त्यामुळे एकाच शब्दावर विसंबू नका. १९२३च्या बिअर हॉलच्या उठावासाठी (म्युनिकमधला हिटलरचा फसलेला उठाव) हिटलरपेक्षा जनरल लुडेनडॉर्फ शोधा, कारण तेव्हा मोठं नाव त्याचं होतं. १९३० च्या आसपास 'जर्मन फॅसिस्ट', 'हिटलराइट', 'नॅशनल सोशालिस्ट' असे शब्द टाका. 'नाझी' नंतर सर्रास झाला. सापडलेली बातमी कापून घेऊ नका, सबंध पान उतरवून घ्या. शेजारी काय होतं हे सहा महिन्यांनी आठवत नाही.

वर्गणी परवडत नसेल तर सराव फुकट करता येतो. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा ट्रोव्ह आणि न्यूझीलंडचा पेपर्स पास्ट हे दोन्ही खुले आहेत. तिथल्या लहान गावांच्या पत्रांतही लंडनहून आलेल्या त्याच तारा आहेत, त्यामुळे कात्रीचा अभ्यास तिथे उत्तम होतो. अमेरिकेसाठी लायब्ररी ऑफ काँग्रेसचा क्रॉनिकलिंग अमेरिका आहे. आणि वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट म्युझियमने २०१६ मध्ये 'हिस्टरी अनफोल्डेड' नावाचा उपक्रम सुरू केला, ज्यात सामान्य लोकांनी आपापल्या गावच्या अमेरिकी पत्रांतल्या नाझींविषयीच्या बातम्या शोधून जमवल्या. त्यांची घटनांची यादी तारखा निवडायला फार सोयीची.

नोंदवही साधी ठेवा. तारीख, वार, पत्र, आवृत्ती, पान, ओळी, मथळा जसाच्या तसा, तारेचं मूळ, काय गाळलं, दाव्याचा धनी ठेवला की नाही. शेवटच्या रकान्यात अग्रलेख. तो मी रिकामा ठेवते आणि बाकीचे रकाने भरल्यावर, अग्रलेखात काय असेल याचा अंदाज पेन्सिलीने लिहून मग उघडते. अंदाज चुकला तर ते पत्र बाजूला काढा आणि मालक आणि संपादक यांच्यातला पत्रव्यवहार कुठे जपून ठेवलाय का ते शोधा.